'कोसला', 'झोंबी' आणि शिक्षणाचे मोल

भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली प्रसिद्ध झाली. आनंद यादव यांची 'झोंबी' १९८७ साली. पदव्युत्तर वर्गांत ही दोन्ही पुस्तके बहुधा एकाच वर्षात शिकविली जातात, आणि त्यांवरील विद्यार्थ्यांचे निबंध तपासताना एक ठराविक विधान हटकून समोर येते. 'कोसला'ने आधुनिक शिक्षणाचे वैयर्थ्य प्रकट केले, 'झोंबी'ने शिक्षणाचे महत्त्व पटविले, असे ते विधान होय. हे केवळ विद्यार्थ्यांचे मत आहे असेही नव्हे. वाङ्मयेतिहासाच्या हातपुस्तकांतून ते इतक्या वेळा उतरले आहे की त्याची शहानिशा करण्याचे कोणाच्या मनात येत नाही. एक पुस्तक शिक्षणाच्या विरुद्ध साक्ष देते, दुसरे बाजूने. मग वाचकाने आपल्या स्वभावधर्मानुसार एकाची निवड करावी, एवढेच उरते.

विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हा प्रश्न निव्वळ वाङ्मयीन नाही. 'सर, एम्. ए. करून पुढे काय?' हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतोच, आणि तो विचारताना त्याची नजर आमच्या चेहऱ्यावर असते, पुस्तकावर नसते. औपचारिक शिक्षणासाठी जे कष्ट आणि जी वर्षे वेचावयाची, ती पुढील चरितार्थाच्या दृष्टीने सार्थकी लागतात काय, असा तो प्रश्न आहे. या प्रश्नाला वरील दोन पुस्तके परस्परविरुद्ध उत्तरे देतात, हे मत मला मान्य नाही. ती दोन वेगळ्या माणसांचे हिशेब मांडतात, आणि हिशेब वेगळे का येतात हे पाहिल्यास दोहोंतून एकच गोष्ट हाती लागते, असे मला वाटते.

प्रथम 'कोसला'. खानदेशातील सांगवी गावच्या सधन शेतकऱ्याचा मुलगा पांडुरंग शिक्षणासाठी पुण्यास येतो, वसतिगृहात राहतो, नाना उपद्व्याप अंगावर घेतो, मेसच्या कारभारात पैशाला खोट आणतो, मित्र जोडतो आणि तोडतो. दरम्यान धाकटी बहीण मनी मरण पावते, आणि पुस्तकातील सर्वांत दाहक पाने तेथे येतात. परीक्षेचे शेवटी जमत नाही, व तो गावी परततो. 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या दोन शब्दांची त्याची सवय सर्वांच्या लक्षात राहिली आहे. ती सवय म्हणजे कोणत्याही विधानाला पूर्ण वजन देण्याचे नाकारणे होय. यावरून अस्तित्ववाद, परात्मता इत्यादींची चर्चा आजवर पुष्कळ झाली. ती चुकीची नाही. परंतु तिच्या भरात एक साधी, व्यावहारिक गोष्ट दृष्टीआड झाली आहे. पांडुरंगाला परत जाण्यास जागा आहे. गावात घर आहे, शेती आहे, गावात वजन असलेला बाप आहे. तो बाप वाया गेलेल्या पैशांवरून मुलाला धारेवर धरतो. पण ताटावरून उठवीत नाही. पदवी न मिळाल्यामुळे पांडुरंगाची मानहानी होते, उपासमार होत नाही. ज्या निवांतपणातून त्याला शिक्षणाचे पोकळपण दिसते, तो निवांतपणा सांगवीच्या जमिनीने पुरविलेला आहे. याने त्याच्या अनुभवाचा खरेपणा कमी होतो असे मुळीच नाही; त्या अनुभवाचे भाडे कोणी भरले एवढेच यातून कळते.

आता 'झोंबी'. कागलच्या आनंदाला शाळेतून काढून बापाने शेताला जुंपले आहे. बापाला स्वतःला गावभर मोकळे फिरावयाचे असते, म्हणून पोराच्या गळ्यात काम अडकविले आहे, हे पुस्तक लपवीत नाही. मुलगा आईजवळ मन उघडे करतो. आई नवऱ्याचा स्वभाव ओळखून आहे. ती एकटी काही करू शकत नाही. मग दोघे दत्ताजीराव देसायांच्या वाड्यावर जातात, गावातील त्या वजनदार माणसाकडून बापाला समज देववितात, आणि आपण तेथे गेलो होतो हे बापाला कळू द्यायचे नाही असेही ठरवून येतात. बाप कबूल होतो, पण अटी घालून. सकाळी अकरापर्यंत शेतात राबायचे, दप्तर शेतातच न्यायचे, तेथूनच शाळेत जायचे. शाळा सुटल्यावर तासभर गुरे चारायची. आणि शेतात काम जास्त असेल त्या दिवशी शाळा बुडवायची.

या प्रसंगाचे रसग्रहण करताना आपण सहसा मुलाच्या 'ज्ञानाच्या ओढी'वर भर देतो. पुस्तकात प्रथम येते ते निराळेच काही. मुलाने साधा हिशेब केलेला आहे. जन्मभर या मातीत राबूनही हाती काही लागणार नाही. आजोबांच्या वेळी जे होते ते बापाच्या वेळी उरले नाही. शेती आपल्याला खड्ड्यात लोटीत आहे. शिकलो तर नोकरी लागेल, चार पैसे गाठीला राहतील, आणि मग विठोबा अण्णासारखा एखादा धंदा करता येईल. या आडाख्यातील पायऱ्या पाहण्यासारख्या आहेत. शाळेपुढे नोकरी, नोकरीपुढे भांडवल, भांडवलापुढे धंदा. नोकरी हे अंतिम साध्य नव्हेच. कागलच्या त्या पोराला भांडवल मिळविण्याचा दुसरा कोणताही मार्ग दिसत नाही, म्हणून तो शाळेकडे पाहतो. बँक त्याला कर्ज देणार नाही, बाप जमीन देणार नाही. परीक्षा मात्र, निदान कागदावर, कोणालाही बसता येते.

यादवांनी याच भागात उसाच्या गुऱ्हाळाविषयी थोडे लिहिले आहे. वाचक ते स्थलवर्णन समजून ओलांडतो. माझ्या मते तेथे थांबले पाहिजे. गावात सर्वांच्या आधी आनंदाच्या बापाचे गुऱ्हाळ लागते. बापाचे गणित असे की लवकर गूळ काढला म्हणजे दर चांगला मिळतो; चहूकडे गुऱ्हाळे सुरू झाली की बाजारात गूळच गूळ होतो आणि भाव उतरतात. इतर शेतकऱ्यांचे गणित वेगळे. ऊस जास्त दिवस उभा राहिला तर रसातले पाणी कमी होते, रस दाट येतो आणि गूळ जास्त पडतो. लेखकाचा कल उघडच दुसऱ्या बाजूकडे आहे. बाप उतावळा, आळशी, कामातून लवकर सुटू पाहणारा, असे त्याचे चित्र आहे.

परंतु क्षणभर बापाची बाजू घेऊन पाहावी. शिक्षण हे दीर्घकाळ उभे ठेवावयाचे पीक आहे. दहा, बारा, पंधरा वर्षे ते शेतात उभे राहते, पाणी पिते, मजूर खाते, आणि त्या अवधीत घरात काही देत नाही. ज्याच्या घरी दुसरे उत्पन्न आहे त्याला रस दाट होईपर्यंत वाट पाहता येते. ज्याला उद्याच्या बाजाराला रोख पैसा हवा, त्याने मुलाला शाळेतून काढून मोटेवर उभे करणे हा केवळ अडाणीपणा नसतो. तो गरजेने शिकविलेला हिशेबही असतो. या विशिष्ट बापाच्या बाबतीत त्यात स्वार्थ मिसळलेला आहे हे खरे. पण असा हिशेब करणारे सगळेच बाप स्वार्थी होते असे मानणे म्हणजे दारिद्र्याकडे शहरातून पाहणे होय. आणि बापाच्या म्हणण्याचा उत्तरार्ध तर अधिकच विचार करावयास लावणारा आहे. सगळ्यांची गुऱ्हाळे लागली की भाव पडतो. हे वाक्य गुळापुरतेच खरे आहे काय?

मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक असे ते चार. हा पहिला गूळ. त्याला बाजारात स्पर्धाच नव्हती. पुढील दोन दशकांतही पदवीचे मोल इतके निश्चित होते की त्याचा त्याग हा एक मोठा नैतिक प्रसंग ठरू शकला. आगरकरांनी एम्. ए. च्या अभ्यासाच्या काळात आईला लिहिलेले पत्र महाराष्ट्राला ठाऊक आहे. मुलगा मोठ्या परीक्षा देऊन मोठ्या पगारावर जाईल ही आशा तिने सोडावी, आपण पोटापुरत्या मिळकतीवर समाधान मानून लोकहितास वाहून घेणार आहोत, असा त्याचा आशय. हे पत्र आपण त्यागाचा दाखला म्हणून वाचतो, ते योग्यच. पण ते एका बाजारभावाचाही दाखला आहे. हाती असलेल्या वस्तूचाच त्याग करता येतो. आज एखाद्या एम्. ए. च्या विद्यार्थ्याने आईला तसेच पत्र लिहिले, तर ती माउली बहुधा विचारील, 'कोणता मोठा पगार, बाळ?'

अर्थात त्या काळीही पायथ्याशी असलेल्यांची वाट सोपी नव्हती. धोंडो केशव कर्वे यांच्या १९१५ च्या 'आत्मवृत्ता'तील प्रसिद्ध हकीकत या दृष्टीने पुन्हा वाचावी. सरकारी नोकरीची अगदी खालची पायरी गाठण्यास जी परीक्षा आवश्यक, तिला बसण्यासाठी कोकणातील मुरुडचा हा मुलगा सोबत्यांसह पावसाळ्यात, घाट चढून, शंभर मैलांहून अधिक अंतर पायी तुडवीत साताऱ्यास गेला. वयाची अट सतरा वर्षांची. अंगकाठी लहान, परीक्षा घेणाऱ्यांना तो तेवढा वाटला नाही, आणि त्याला परीक्षेस न बसताच परतावे लागले. शिक्षणाचे कष्ट आणि त्याचे फळ यांच्यामध्ये दारावर बसलेला एक मनुष्य असतो, आणि त्याची नजर कष्टांवर नसते, ही गोष्ट कर्वे यांनी कोणताही आक्रोश न करता सांगितली आहे. आपल्या आत्मचरित्रात्मक वाङ्मयात शिक्षणाच्या हिशेबाची इतकी स्वच्छ मांडणी फार थोड्या ठिकाणी सापडेल.

हिशेबाची दुसरी, अधिक कडक मांडणी जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केली. त्यांच्या निवेदनात दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, आणि त्या एकमेकींना खोडतात असे वरवर वाटते. एकीकडे ते म्हणतात की वरच्या शाळांतील शिक्षण व्यवहाराच्या कामाचे नाही, त्यातून कारकून आणि पंतोजी तेवढे निपजतात. दुसरीकडे ते बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी करतात आणि त्यात मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, शेतीची मूलतत्त्वे, आरोग्य यांचा समावेश असावा असे सुचवितात. जो शिक्षणाला निरुपयोगी म्हणतो तोच ते सर्वांना द्यावे असे म्हणतो! विरोध मिटतो तो फुले यांनी विचारलेल्या तिसऱ्या प्रश्नामुळे: पैसा कोणाचा? शेतसारा भरणारा कुणबी, आणि महाविद्यालयात बसणारा मुलगा दुसऱ्याच कोणाचा. शिक्षणाचे मोल हा अमूर्त प्रश्न म्हणून त्यांनी घेतलाच नाही. खर्च भरणारा आणि लाभ घेणारा एक आहे की दोन, हे त्यांनी आधी पाहिले. 'कोसला' आणि 'झोंबी' यांच्याविषयीच्या आपल्या चर्चेत नेमका हाच प्रश्न राहून गेला आहे.

आता बापाच्या गुळाकडे परत येऊ. महाराष्ट्र शासनाच्या महसूल विभागाने २०२३ साली तलाठ्यांच्या ४,६४४ जागा जाहीर केल्या. अर्ज आले दहा लाखांच्या वर. जागेसाठी पात्रता पदवीची होती. एवढ्या आकड्यांवरून 'पदवी कवडीमोल झाली' असा निष्कर्ष सर्वत्र काढला जातो, आणि गुळाचा भाव उतरला हे निर्विवाद आहे. परंतु या चित्राची दुसरी बाजू आपण पाहत नाही. ज्याच्याजवळ पदवी नाही, त्याला त्या दहा लाखांच्या रांगेतदेखील उभे राहता येत नाही. पूर्वी पदवी ही वस्तूची किंमत होती. आता ती नाक्यावरील पट्टी झाली आहे. पट्टी भरल्याने काही मिळत नाही, न भरल्यास गाडी पुढे जात नाही. आणि जसजशी पदवी स्वस्त होते, तसतसे ती नसणे महाग होत जाते, हा या व्यवहारातला खरा क्रूर भाग आहे. म्हणून 'पदवीने काय मिळते?' हा प्रश्न अपुरा होय. 'ती नसल्यास माझ्याजवळ काय उरते?' असा प्रश्न प्रत्येकाने विचारावा लागतो, आणि त्याचे उत्तर पांडुरंगाचे एक आणि आनंदाचे दुसरे येते. पांडुरंगाजवळ सांगवी उरते. आनंदाजवळ तीच शेती उरते, जी त्याला खड्ड्यात लोटते आहे.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल, आणि तो मीच घेतो. आपल्यासमोरचे साक्षीदार एकाच बाजूचे आहेत. यादव पुढे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. नेमाडे यांनी शिक्षणाच्या फोलपणाची कादंबरी लिहिली आणि आयुष्यभर अध्यापन केले. दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) ही आत्मकथने आपल्यापर्यंत पोचली ती त्या लेखकांच्या शिक्षणाने काही एक टप्पा गाठला म्हणून. ज्याची झोंबी अर्ध्यावर संपली, ज्याला दत्ताजीराव भेटला नाही, किंवा भेटूनही ज्याचा बाप ऐकला नाही, त्याने आत्मचरित्र लिहिले नाही. तेव्हा वाङ्मयावरून शिक्षणाच्या उपयुक्ततेचा निवाडा करणे हे तरलेल्यांच्या जबानीवरून नदीची खोली ठरविण्यासारखे आहे. नेमाडे यांनी 'कोसला' अर्पण केली आहे ती शंभरांतील नव्व्याण्णवांस. त्या अर्पणामागे हीच जाणीव असावी, असा माझा तर्क आहे. निदान पुस्तकातले अपयश हे एकट्या पांडुरंगाचे नाही, एवढे त्यावरून म्हणता येते.

तरलेल्यांच्या जबान्या मात्र आपण समजतो तेवढ्या विजयाच्या नाहीत. 'बलुतं'मध्ये दगडू मारुती पवार आणि दया पवार ही एकाच माणसाची दोन रूपे समोरासमोर बसली आहेत. शिकलेला दया हा न शिकलेल्यांच्या वस्तीतून उठून आलेल्या दगडूचे ओझे वागवतो. ते टाकून देता येत नाही आणि मिरविताही येत नाही. शिक्षणाने नोकरी दिली, आणि त्या बदल्यात आपल्याच माणसांत वावरण्याची सहजता घेतली. ही किंमत कोणत्याही शुल्काच्या पावतीवर येत नाही. 'उपरा' या नावातच ती लिहिलेली आहे. गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातील बाप मुलाला शिकविण्याचा हट्ट धरतो, मुलगा पदवीधर होतो, आणि दोन्हीकडे परका ठरतो. पांडुरंगाच्या परकेपणावर आपण जेवढी शाई खर्च केली, तिच्या निम्मी तरी या परकेपणावर करावयास हवी होती. त्याला तत्त्वज्ञानातले भारदस्त नाव मिळाले नाही म्हणून तो उथळ ठरत नाही.

नेमाडे यांनी पांडुरंगानंतर चांगदेव पाटील निर्माण केला, हेही या संदर्भात लक्षात घेतले पाहिजे. 'बिढार' (१९७५), 'जरीला' (१९७७) आणि 'झूल' (१९७९) या कादंबऱ्यांतील चांगदेव पांडुरंगाप्रमाणे नापास होऊन परतत नाही, तो एम्. ए. होतो, खाजगी महाविद्यालयांत प्राध्यापकी करतो. म्हणजे नाक्यावरील पट्टी त्याने भरलेली आहे. पुढे त्याच्या वाट्याला येते ती गावोगावची बदलती बिऱ्हाडे, संस्थाचालकांची मर्जी आणि जातीजातींचे गट. 'कोसला'त शिक्षण न झाल्याचा हिशेब आहे, येथे झाल्याचा; आणि हा दुसरा हिशेब अधिक उदास आहे, असे मी म्हणेन. आज महाराष्ट्रातील महाविद्यालयांत नेट-सेट उत्तीर्ण झालेले, पीएच्. डी. धारण केलेले कितीतरी तरुण तासिका तत्त्वावर शिकवितात, घेतलेल्या तासांचे तेवढे मानधन त्यांना मिळते, आणि सुट्टीच्या महिन्यांत तेही नाही. चांगदेवाला निदान महिन्याचा पगार होता. ज्या विभागात 'बिढार' शिकविली जाते, तेथेच ती शिकविणारा तासिकेवर असतो, हा योग मी एकदा वर्गाच्या मागच्या बाकावर बसून पाहिला आहे. तो तरुण शिकवीत होता उत्तम. तास संपल्यावर त्याने हजेरीपट मिटला आणि बसस्थानकाकडे गेला. दुसऱ्या गावच्या महाविद्यालयात त्याचा दुपारचा तास होता.

अशा तरुणाने आनंदाचा आडाखा चुकला असे म्हटले, तर त्याला मी खोडून काढू शकणार नाही. फक्त 'झोंबी'तला पुढचा भाग त्याच्यासमोर ठेवीन. चार पैशांच्या आशेने शाळेत गेलेल्या त्या मुलाला तेथे सौंदलगेकर मास्तर भेटले. ते कविता गाऊन शिकवीत, आणि स्वतःही कविता करीत. मुलाने पाहिले की कवी हा आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो. मग शेताला पाणी पाजताना, गुरे चारताना तो मोठ्याने कविता म्हणू लागला. पूर्वी शेतात एकटे असणे त्याला खायला उठे. आता एकटेपणच हवेसे झाले. कागद-पेन्सिल जवळ नसेल तेव्हा तो काठीने म्हशीच्या पाठीवर ओळी लिही, दगडाने खडकावर लिही, आणि पाठ झाल्या की पुसून टाकी. शाळेत जाण्यापूर्वी केलेल्या हिशेबात हे उत्पन्न कोठेही धरलेले नव्हते. ते भाकरीच्या जागी चालत नाही. गुऱ्हाळाच्या बाजारात त्याला भाव नाही. मात्र त्यामुळे अकरापर्यंत शेतात राबण्याची बापाची अट मुलाला पुढे तेवढी जाचेना, असे पुस्तक सांगते. म्हैस चरत असे, पाठीवरच्या ओळी वाळत असत, आणि शाळेची वेळ अजून व्हायची असे.